नवऱ्याचा स्वाइन फ्लू पॉझिटिव्ह आलाय, आता सासूबाईंनाही खोकला. कोणाचं ऐकायचं?

चिऊची_आई:
नमस्कार, घाईत टाइप करतेय, वाक्यं इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. नवऱ्याला अचानक सणकून ताप आला, अंग ठणकतंय, घसा धरलाय, डॉक्टरांनी नाकातला स्वॅब पाठवला आणि काल रात्री रिपोर्ट आला, एच१एन१ पॉझिटिव्ह. त्याला ओसेल्टामिविर म्हणजे फ्लूच्या व्हायरसवरच्या औषधाच्या कॅप्सूल सुरू केल्यात, सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. तो तसा बरा आहे, खातोय पितोय, वेगळ्या खोलीत झोपवलंय.

खरं टेन्शन सासूबाईंचं आहे. वय ६७, शुगर आहे, दमा पण आहे, इनहेलर घेतात. आज सकाळपासून त्यांना खोकला आणि कणकण. आमच्या डॉक्टरांचा फोन लागत नाहीये, आज सुट्टी आहे. आणि घरात चार वर्षांची मुलगी. ती सध्या ठणठणीत आहे.

फॅमिली ग्रुपवर सकाळपासून मेसेजचा पाऊस पडतोय. एक काका म्हणतात अँटिबायोटिक लगेच चालू करा, एक वहिनी म्हणतात ती कॅप्सूल अजिबात देऊ नका फार घातक असते, कोणीतरी पाठवलंय की म्हाताऱ्या माणसांना स्वाइन फ्लू होतच नाही, आणि एका व्हिडिओत तर वाफ दिवसातून सहा वेळा घेतली की व्हायरस मरतो म्हणे. नेटवर बघायला गेले तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच. माझे प्रश्न असे की सासूबाईंची टेस्ट करून रिपोर्टची वाट बघायची का, नवऱ्याच्या पाकिटातल्या दोन कॅप्सूल आत्ता त्यांना दिल्या तर चालेल का, आणि या सगळ्यात विश्वास नेमका कशावर ठेवायचा. प्लीज लवकर सांगा.

पारिजात:
ताई, मी नर्स आहे, बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात काम केलंय. आधी महत्त्वाचं सांगते, बाकीचं नंतर वाचा. सासूबाईंना आजच दाखवा, उद्यावर ढकलू नका. तुमच्या डॉक्टरांना सुट्टी असेल तर दुसरे डॉक्टर, नाहीतर सरळ हॉस्पिटलची इमर्जन्सी. ६५ च्या वर वय, शुगर आणि दमा, ही तिन्ही कारणं एकाच माणसात आहेत आणि घरात पक्का पॉझिटिव्ह पेशंट आहे. अशा वेळी डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाहीत, लक्षणं बघून औषध सुरू करतात, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. टेस्ट करायची तर करतील, पण औषध रिपोर्टवर अडून राहत नाही. आणि झटपट होणारी रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती बऱ्याच वेळा खऱ्या पेशंटला पण निगेटिव्ह दाखवते. आरटीपीसीआर जास्त भरवशाची.

नवऱ्याच्या पाकिटातल्या कॅप्सूल देऊ नका. एक म्हणजे नवऱ्याचा कोर्स अर्धवट राहील. दुसरं, शुगरच्या पेशंटची किडनी कशी आहे ते बघावं लागतं, किडनी कमी काम करत असेल तर डोस कमी करावा लागतो. मागचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट घरात असेल तर सोबत न्या, तिथे वेळ वाचेल. त्या रोज घेतात त्या सगळ्या गोळ्या आणि इनहेलर पण पिशवीत टाका.

आता पुढच्या गोष्टी दिसल्या तर क्लिनिक वगैरे शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा: बोलताना धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर, थुंकीत रक्त, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, उभं राहिल्यावर चक्कर येऊन पडायला होणं, लघवी फार कमी होणं. ऑक्सिमीटर असेल तर बोट गरम करून, नेलपेंट काढून, शांत बसवून बघा. ९४ च्या खाली येत असेल तर जायचंच. पण आकडा चांगला आहे आणि माणूस मात्र धापा टाकतोय असं असेल तर आकड्यावर जाऊ नका, माणसाकडे बघा.

आणि एक फसवी गोष्ट, ही नवऱ्यासाठी पण लागू आहे. ताप उतरतो, दोन दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा जोरात ताप आणि खोकला सुरू होतो. तेव्हा फ्लूच्या मागून बॅक्टेरियाचा न्यूमोनिया झालेला असू शकतो. लोक म्हणतात "अहो बरे होत आले होते" आणि घरीच थांबतात. तसं थांबू नका.

औषधांची_वही:
मी फार्मासिस्ट. पारिजातताईंनी सांगितलं ते सगळं बरोबर, मी फक्त औषधांपुरतं बोलतो.

अँटिबायोटिक व्हायरसवर काम करत नाही. फ्लूबरोबर किंवा फ्लूनंतर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन झालं असं डॉक्टरांना वाटलं तर ते देतील, पण काकांनी ग्रुपवर सांगितलं म्हणून आधीच चालू करण्यात काही अर्थ नाही, पोट बिघडेल ते वेगळंच.

ओसेल्टामिविर घातक नाही. मळमळ, उलटी हा त्याचा नेहमीचा त्रास, तो बऱ्याच जणांना होतो, काही खाऊन घेतलं तर कमी होतो. मोठ्यांचा उपचाराचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, लहान मुलांचा वजनावर ठरतो, म्हणून मोठ्यांची कॅप्सूल अंदाजाने अर्धी करून मुलांना देण्याचा प्रकार करू नये. याच गटातलं झानामिविर नावाचं एक औषध आहे, ते ओढून घ्यायचं असतं. कोणी म्हणालं की ते थेट फुप्फुसात जातं म्हणून चांगलं, तर लक्षात ठेवा, दम्याच्या पेशंटला ते सहसा देत नाहीत कारण त्याने श्वासनलिका आवळल्या जाऊ शकतात.

सासूबाईंचा दम्याचा नेहमीचा इनहेलर बंद करू नका. त्यात स्टेरॉइड आहे, इन्फेक्शनमध्ये कसं चालेल, असं मला खूप जण विचारतात आणि भीतीने सोडून देतात, मग दमाच उसळतो. उलट फ्लूसाठी म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणं चूक आहे.

तापाला पॅरासिटामॉल. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत आणि पातळ औषधांत पॅरासिटामॉल आधीच असतं, तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची वेगळी असं दोन्ही घेतलं की नकळत डबल डोस जातो आणि लिव्हरला धोका होतो. पाकिटावरचे घटक वाचा. आणि मुलीला ताप आला तर ॲस्पिरिन अजिबात नाही. फ्लूमध्ये मुलांना ॲस्पिरिन दिल्यावर राय सिंड्रोम नावाचा आजार होऊ शकतो, क्वचित होतो पण मेंदू आणि लिव्हरवर जातो.

वाफेने व्हायरस मरत नाही. नाक मोकळं वाटतं एवढंच. मुलीला उकळत्या पाण्याच्या भांड्यापाशी नेऊ नका, वाफेच्या नादात भाजलेली मुलं बघितलीत.

प्रश्नचिन्ह:
मला थोडं वेगळं म्हणायचंय. सगळे इथे ओसेल्टामिविर घ्याच म्हणतायत, पण २०१४ मध्ये कॉक्रेनचा (औषधांवरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) जो मोठा रिव्ह्यू आला होता त्यात असं निघालं की प्रौढांमध्ये लक्षणं साधारण ७ दिवसांऐवजी ६.३ दिवसांत कमी होतात, म्हणजे एक दिवस पण नाही, आणि हॉस्पिटलमध्ये भरती होणं कमी होतं याचा पक्का पुरावा मिळाला नाही, उलट्या मात्र वाढल्या. २०१७ मध्ये डब्ल्यूएचओने पण आवश्यक औषधांच्या मुख्य यादीतून काढून त्याला पूरक यादीत टाकलं. कोणाला घाबरवायचं म्हणून लिहीत नाहीये. पण चिऊच्या आईंनी विचारलंय की विश्वास कशावर ठेवायचा, तर ही माहिती पण भरवशाचीच आहे ना? मग त्या वहिनी पूर्ण चुकीच्या कशा?

डॉ_निरंतर:
मी फिजिशियन आहे. इथे बसून कोणाला तपासू शकत नाही त्यामुळे औषध लिहून देणार नाही, पण प्रश्नचिन्ह यांचा मुद्दा चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. फक्त ते कोणावरच्या अभ्यासातून आले ते बघा. त्या ट्रायल्समध्ये बहुतेक लोक घरी असलेले, साध्या फ्लूचे होते. एरवी तब्येत चांगली असलेल्या तिशीतल्या माणसाला या औषधाने अर्धा-पाऊण दिवस फायदा होतो हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच सौम्य ताप-खोकला असलेल्या, दुसरा आजार नसलेल्या प्रत्येकाला ते द्यायची गरज नसते. आराम, पाणी, पॅरासिटामॉल आणि लक्ष ठेवणं एवढ्यावर बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात, खोकला आणि थकवा थोडा जास्त रेंगाळतो.

पण २००९-१० च्या साथीत हॉस्पिटलमध्ये भरती झालेल्या २९ हजारांहून जास्त पेशंटांची माहिती एकत्र करून अभ्यास केला गेला, तो पण २०१४ मध्येच छापून आला. त्यात ज्यांना हे औषध मिळालं त्यांच्यात मृत्यू कमी दिसले, आणि दोन दिवसांच्या आत सुरू झालेल्यांमध्ये उशिरा सुरू झालेल्यांपेक्षा जवळपास निम्मा धोका दिसला. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला ट्रायल नाही, त्यामुळे त्याचं वजन थोडं कमी धरावं लागतं. तरी भरती करायची वेळ आलेल्या पेशंटसमोर उभं राहून मी हे औषध टाळणार नाही.

डब्ल्यूएचओची २०२४ ची गाइडलाइन साधारण अशीच विभागणी करते: गंभीर आजारी असेल तर ओसेल्टामिविर, अजून गंभीर नाही पण धोका जास्त आहे असा असेल तर बॅलॉक्झाविर नावाचं एकाच डोसचं औषध, आणि धोका कमी असलेल्या साध्या पेशंटला अँटिव्हायरल, म्हणजे व्हायरसवरचं औषध, नको. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी जास्त धोक्याच्या लोकांना लवकरात लवकर अँटिव्हायरल द्या म्हणते आणि त्यात ओसेल्टामिविर येतंच. म्हणजे औषध कोणतं यावर थोडा फरक आहे, पण सासूबाईंसारख्या पेशंटला वाट बघत ठेवू नका यावर फरक नाही. वहिनींचं वाक्य एखाद्या धडधाकट माणसाबद्दल बोलताना वाद घालण्यासारखं आहे. सासूबाईंच्या बाबतीत मात्र ते धोक्याचं आहे.

शुगरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तापात शुगर वाढते, जेवण कमी झालं तरी वाढू शकते. घरी मशीन असेल तर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा. इन्सुलिन घेत असतील तर "खात नाहीत म्हणून" स्वतःहून पूर्ण बंद करू नका, आणि उलट्या होत असतील किंवा पोटात काही राहत नसेल तर कोणत्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या अशा वेळी त्रास देतात.

वाचता_वाचता:
मी डॉक्टर नाही. पण घरात आई-वडील दोघं आजारी, त्यामुळे आरोग्याचं वाचन फार करावं लागलं आणि आता मेसेज गाळायची एक सवय झालीये ती सांगते.

सगळ्यात आधी मी तारीख शोधते. स्वाइन फ्लूच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण २००९ मध्ये जेव्हा हा व्हायरस नवा होता, एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत सापडला, ११ जूनला डब्ल्यूएचओने जागतिक साथ जाहीर केली, तेव्हाचे मेसेज अजून फिरतायत, त्यावर तारीखच नसते. त्यात लिहिलेलं असतं की यावर लस नाही. तेव्हा सुरुवातीला नव्हती, खरंय. आता हा व्हायरस दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झालाय आणि दरवर्षीच्या लसीत त्याच्याविरुद्धचा घटक असतोच. जागतिक साथ संपल्याचं १० ऑगस्ट २०१० लाच जाहीर झालं.

तुमच्या ग्रुपवरचा "म्हाताऱ्यांना होत नाही" हा मेसेज पण तिथूनच आलाय असं मला वाटतं. त्या वर्षी तरुण लोक जास्त दगावले हे खरं होतं, अंदाजे ८० टक्के मृत्यू ६५ च्या आतल्यांचे होते, कारण वयस्कर लोकांनी लहानपणी याच्याशी मिळत्याजुळत्या व्हायरसला तोंड दिलेलं होतं, त्यांच्यात थोडी प्रतिकारशक्ती शिल्लक होती. म्हणजे मूळ गोष्ट खोटी नव्हतीच. पण "कमी जणांना झाला" चं "होतच नाही" झालं, वर्ष गळून पडलं आणि दमा-शुगरचा उल्लेख तर कुठेच नाही. असे अर्धे खरे मेसेज मला पूर्ण खोट्यांपेक्षा जास्त घातक वाटतात, कारण कोणी शहाण्या माणसाने पण ते पुढे पाठवलेले असतात.

दुसरं, सल्ला कोणासाठी आहे आणि कधी थांबायचं हे त्यात लिहिलंय का ते बघते. डब्ल्यूएचओ किंवा आपापल्या देशाच्या आरोग्य खात्याचं पान उघडलंत तर तिथे गरोदर बाईसाठी वेगळं, लहान मुलांसाठी वेगळं, किडनीच्या पेशंटसाठी वेगळं आणि "ही लक्षणं दिसली तर हॉस्पिटल" असं ठळक लिहिलेलं असतं. या धाग्यावर सुद्धा बघा, पारिजातताई, फार्मासिस्ट दादा, डॉक्टर, तिघांनी पण आपल्या सल्ल्याची हद्द सांगितली. तो वाफेचा व्हिडिओ सहा वेळा म्हणतो, पण धाप लागली तर काय करायचं ते सांगत नाही. माझ्यासाठी तो तिथेच बाद. आणि व्हिडिओच्या शेवटी काहीतरी विकायला ठेवलेलं असेल तर मी पुढचं बघतच नाही.

आणखी एक, नेटवर शोधताना भीतीचे शब्द टाकू नका. "स्वाइन फ्लूची गोळी घातक" असं शोधलं की घातक म्हणणारीच पानं येतात. औषधाचं नाव आणि "कोणी घेऊ नये" असं शोधा. फार फरक पडतो.

नवी_पालवी:
मध्येच विचारतेय, मी सहा महिन्यांची गरोदर आहे आणि ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मुलीला एच१एन१ निघालाय. मला अजून काही होत नाहीये. गरोदरपणात ते औषध चालतं का? आणि लस आता घेऊ शकते का?

डॉ_निरंतर:
आजच तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून संपर्क आल्याचं सांगा, लक्षणांची वाट बघू नका. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे पहिले दोन आठवडे फ्लू गंभीर होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून गरोदर स्त्रीला ताप-खोकला आला तर ओसेल्टामिविर लवकर सुरू करतात, त्याचा गरोदरपणातला अनुभव चांगला आहे. मी वर लिहिलेलं बॅलॉक्झाविर मात्र गरोदरपणात टाळतात. इंजेक्शनची फ्लूची लस कुठल्याही महिन्यात घेता येते, त्यात जिवंत व्हायरस नसतो, आणि आईने घेतली तर जन्मानंतर बाळाला पण काही महिने संरक्षण मिळतं, कारण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला स्वतःला ही लस देता येत नाही. फक्त लसीचा परिणाम यायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे आधीच आलेल्या संपर्कासाठी तिच्यावर अवलंबून राहता येणार नाही. म्हणून फोन आजच.

चिऊची_आई:
सगळ्यांचे खूप खूप आभार, मनापासून. तुमचे रिप्लाय वाचून लगेच सासूबाईंना इमर्जन्सीत घेऊन गेले. क्रिएटिनिनचा जुना रिपोर्ट नेला होता, तिथल्या डॉक्टरांनी तो बघितला, ऑक्सिजन ९६, छाती तपासली, स्वॅब घेतला आणि रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं, डोस त्यांच्या किडनीप्रमाणे थोडा कमी करून. इनहेलर चालू ठेवायला सांगितलाय. घरी पाठवलंय आणि उद्या पुन्हा दाखवायचंय. काकांना मी अँटिबायोटिकचं सविस्तर लिहिलं, त्यांनी पण नीट ऐकून घेतलं.

आता मुलीचं. तिला काही झालेलं नाही, पण तिच्यात काय बघत राहू? आणि नवऱ्याला खोलीतून बाहेर कधी येऊ देऊ, तो आत्ताच कंटाळलाय.

पारिजात:
बरं झालं गेलात ताई. सासूबाईंचं पाणी पिणं आणि लघवी याकडे लक्ष ठेवा, रात्री एकदा उठून श्वास बघा.

मुलीच्या बाबतीत, तिचा बाबांशी संपर्क आलाय हे तिच्या डॉक्टरांना उद्या फोन करून सांगून ठेवा, पाच वर्षांच्या आतली मुलं पण जास्त धोक्यात धरतात. संपर्कानंतर साधारण १ ते ४ दिवसांत लक्षणं येतात. ताप आला तर ती झोपलेली किंवा शांत असताना फ्रॉक वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, तिच्या वयाला मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, काहीच न पिणं, आठ तासांत लघवी न होणं, उचलून घेतलं तरी शांत न होणं किंवा उलट उठवून पण नीट न उठणं, यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल. ताप नसताना खेळत असेल, पाणी पीत असेल तर घाबरू नका. घरातल्या खिडक्या उघड्या ठेवा, नवऱ्याचं आणि सासूबाईंचं एकाच माणसाने करा, मास्क लावून, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुऊन.

नवरा: तापाची गोळी न घेता २४ तास ताप नसला पाहिजे आणि बाकी त्रास पण कमी होत चाललेला पाहिजे. गोळीने उतरलेला ताप यात धरायचा नाही. मोठी माणसं लक्षणं सुरू झाल्यावर ५ ते ७ दिवस दुसऱ्याला देऊ शकतात, म्हणून सासूबाई आणि मुलगी जिथे बसतात तिथे तेवढे दिवस मास्कशिवाय यायचं नाही असं सांगा. आणि बरं वाटलं तरी कॅप्सूल पाच दिवस पूर्ण करायच्या.